जाळीचा कौल

ता. १२ नोव्हेंबर १९३३

चिमाचा हात गेला!

डावा. कोपराच्या खालून. भात सडायच्या यंत्रामागे कोंडा भरत होती. पट्ट्याजवळ वाकली, पदर पट्ट्यात गेला, तो सोडवायला तिनं हात घातला. मी इंजिनापाशीच होतो. धावत जाऊन इंजिन बंद केलं, पण चाक थांबेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आमचे मालक आबाशेट रेडीज पेढीवरून अनवाणी धावत आले. बंदरावर ज्यांना सगळे वाकून रामराम घालतात तो माणूस कुणब्याच्या बाईचं डोकं मांडीवर घेऊन बैलगाडीत बसला, इस्पितळापर्यंत. धोतर रक्तानं भिजलं. तोंडात एकसारखं गणपतीचं नाव. मध्येच मला म्हणाले, "पंत, गाडी हळू हाकायला सांगा हो. तिला धक्के बसतायत."

हे आजच लिहून ठेवतो, कारण उद्या मला त्यांचा राग येणार आहे.

ता. १३ नोव्हेंबर

आला.

सकाळी देवळात चिमाच्या नावानं अभिषेक. मग गिरणीत सगळ्यांना जमवून शेट म्हणाले, "चिमा जिवंत आहे तोवर तिच्या घरचा तांदूळ माझ्या घरून जाईल." बायकांनी डोळे पुसले. मीही विरघळलो, खोटं कशाला बोलू? रत्नागिरीत दुसऱ्या कुठल्या व्यापाऱ्यानं हे केलं असतं? एकाचंही नाव आठवत नाही.

सगळे पांगल्यावर मी विचारलं, "आणि पट्ट्याला जाळी?"

दसऱ्यालाच विचारलं होतं. तेव्हा इंजिनाला झेंडूचा हार होता, चाकावर कुंकवाचं स्वस्तिक होतं. "देवाला पिंजऱ्यात घालायचं काय पंत?" असं म्हणून ते हसले होते, आणि त्यांच्यामागून सगळे.

आज हसले नाहीत. म्हणाले, "जाळी लावून दैव अडतं?"

"दैव अडत नसेल. पदर अडतो."

"मी तिला जन्मभर पोसतोय. अजून काय करू, सांगा."

"दुसरीचा हात वाचवा!" ओरडलोच मी. त्यांनी हात जोडले, मला नव्हे, भिंतीवरच्या गणपतीला. संपलं बोलणं!

काय करायचं अशा माणसाचं? वाईट असता तर नोकरी सोडून मोकळा झालो असतो.

ता. १६ नोव्हेंबर

कचेरीत जाऊन आलो. ओळखीच्या कारकुनानं कायदा काढून दाखवला. कारखान्यांचा कायदा मोठ्या कारखान्यांना, आमच्याएवढ्या गिरणीला नाही. जाळीची सक्ती नाही, भरपाईचीही नाही. "तुम्ही कशाला ओढवून घेताय, बेहेरे?" म्हणाला.

शेटना हे सांगितलं. वाटलं, सुटल्यासारखं हसतील. तर उलटच! म्हणाले, "नाही तेच बरं. कायद्यानं दिलं असतं तर ते सरकारचं देणं झालं असतं. माझं पुण्य कुठलं त्यात?"

म्हणजे चिमाचा हात गेला तो यांना पुण्य मिळावं म्हणून?

हे तोंडावर म्हणालो नाही. इथे म्हणतो.

ता. २१ नोव्हेंबर

राजिवड्याला दाऊदभाईंच्या वखारीत गेलो होतो. त्यांच्याकडे लाकूड कापायची करवत इंजिनावर चालते. तिच्या पट्ट्याला जाळी आहे असं ऐकलं होतं. आहे! लाकडी चौकट, वर तार, बिजागऱ्या लावलेल्या. मी हात लावून लावून बघत होतो. दाऊदभाईंना हसू आलं. "पंत, सोयरिकीला मुलगी बघावी तशी बघताय."

चहा झाला. विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं लावायला?"

"कोण सांगणार? मेल्यावर जाब द्यायचाय. अल्ला विचारील, दाऊद, तुझ्या वखारीत याची बोटं कुठे गेली? तेव्हा काय सांगू, तार महाग होती म्हणून?"

"आमचे शेट म्हणतात, पुण्य."

"त्यांचं ते जाणोत. दरसाल मिळकतीतून जकात काढून देतो त्याला आम्ही दान म्हणत नाही. तो गरिबाचा हिस्सा. माझ्या हातात नुसता राहिलेला असतो."

मला उठून मिठी मारावीशी वाटली. मनात म्हटलं, आबाशेटना इथे आणून बसवावं! तेवढ्यात पुढे म्हणाले, "पण एक बोलू? बाईमाणसाला इंजिनाजवळ न्यायचंच कशाला? माझ्या वखारीत एकसुद्धा बाई नाही. इज्जतीत घरी राहावं तिनं."

"नवरा मुंबईला गिरणीत, पैसे पाठवत नाही. घरी राहून खाईल काय ती?"

"मग तिच्या घरच्यांनी बघावं."

परत येताना खाडीच्या कडेनं चालत आलो. एकाच्या देवाला चिमाचं पोट दिसतं, हात दिसत नाही. दुसऱ्याच्या देवाला बोटं दिसतात, पण चिमाच दिसत नाही. आणि तार घेऊन मी मध्ये!

ता. २६ नोव्हेंबर

मालिनीशी भांडण. जेवताना मी शेटचं पुराण लावलं होतं, तिनं मुकाट ऐकून घेतलं आणि ताक वाढता वाढता म्हणाली, "अहो, तुमचं भांडण शेटशी आहे की देवाशी?"

"दोघांशी!"

"मग एकदा एकाशीच भांडा. दोघं मिळून तुम्हाला हरवतायत."

मी ताटावरून उठलो. आता वाटतं, उगीच उठलो. ताक चांगलं झालं होतं.

ता. ३ डिसेंबर

आता तर कमाल झाली.

आज पुन्हा जाळीचं काढलं. दाऊदभाईंच्या जाळीचं चित्र काढून नेलं होतं, मोजमापांसह. शेटनी ते खूप वेळ पाहिलं. माझ्या मनात आशा! मग घडी घालून चित्र परत दिलं आणि म्हणाले, "माझं मन दोन्हीकडे होतंय पंत. एकदा वाटतं लावावी, एकदा वाटतं देवानं दिलेल्या यंत्रावर अविश्वास कशाला. आईला विचारू. कौल लावू."

कौल! म्हणजे गावदेवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लोखंडाच्या पट्टीचा आणि स्क्रूचा प्रश्न, आणि उत्तर ओल्या फुलानं द्यायचं! मी मुंबईला तीन वर्षं यंत्रं शिकलो ती कशाला?

"आणि डावी पडली तर?" मी विचारलं.

"मग आईची इच्छा."

ता. ५ डिसेंबर

लाज वाटते, तरी लिहितो. काल संध्याकाळी गुरवाकडे गेलो होतो.

काशीराम गुरव. देवीची पूजा तोच करतो, कळ्या तोच लावतो. पायरीवर बसून दोरी वळत होता. मी आडून आडून बोललो. एक कळी जरा कमी ओली लावली तर... बाईबापड्यांचे हात वाचतील... तुला पुण्यच लागेल. हो, "पुण्य" म्हणालो! मी!

त्यानं दोरी बाजूला ठेवली. "पंत, तुमी आईला मानताव काय?"

"नाही."

"मंग तुमी लबाडी करताव ती कुणाशी? आईशी न्हाय, ती तुमच्या लेखी धोंडा. लबाडी झाली ती माज्याशी. मी मानतंय." आणि दोरी वळायला लागला.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. चहा घेणार काय, असंही विचारलं त्यानं जाताना.

ता. ६ डिसेंबर

डावी.

ता. ७ डिसेंबर

काल लिहवलं नाही. देवळात सगळी गिरणी जमली होती. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "आबाशेट लेकरू तुज्या पायाशी आलाय, यंत्राला जाळी घालू की नको, काय तो निवाडा दे." बऱ्याच वेळानं डावी कळी गळून खाली आली. बायकांच्या तोंडून एक सुस्कारा. माझ्या बाजूच्या हमालानं तर हात जोडून "बरं झालं, निकाल लागला" म्हटलं. बरं झालं! पट्ट्याशेजारून पोती ओढणारा तोच!

मला वाटलं, शेट सुटले. त्यांच्या मनातलं झालं. पण त्यांचा चेहरा तसा नव्हता. तडक घरी गेले.

आणि आज सकाळी गिरणीवर येऊन काय म्हणाले?

"इंजिन लावू नका."

"म्हणजे?"

"आई जाळीला नको म्हणाली. पण जाळीशिवाय चालव, असं म्हणाली काय? ते मी विचारलंच नाही. मग चालवू कसं?"

"मग पुन्हा विचारा!"

"एकाच गोष्टीला दोनदा कौल लावत नाहीत पंत." आणि दाराला कुलूप. ऐन हंगामात! आवारात भाताच्या गाड्या सोडलेल्या, बैल रवंथ करतायत.

मी डोकं धरून जोत्यावर बसलो. या माणसाशी तर्कानं बोलता येत नाही, आणि तो तर्क सोडतो आहे असंही म्हणता येत नाही.

ता. ९ डिसेंबर

बंद. गाड्या एकेक करून दुसऱ्या गिरणीकडे वळल्या. त्या गिरणीतही जाळी नाही.

ता. ११ डिसेंबर

कामाच्या बायका माझ्या दारात आल्या. शेटकडे नव्हे, माझ्याकडे! पुढे काशी, चिमाची धाकटी जाऊ. "तुमच्या जाळीपायी आमची चूल बंद झाली पंत. कोण बोलला होता तुमाला? आमी बोललो होतो?"

"तुमचेच हात वाचावेत म्हणून —"

"हात हायत आमचे. कामच न्हाय."

मालिनीनं त्यांना आत घेतलं, पोहे दिले, शेवटी हसवून पाठवलं. मी माडीवर बसून होतो. शेटबद्दल त्यांच्या तोंडून एक वावगा शब्द नाही. "त्यांना तरी काय, आईनंच अडवलंय." देवानं अडवलं तर राग नाही, परशुराम बेहेऱ्यानं वाचवायला बघितलं तर राग!

ता. १५ डिसेंबर

बंद. शेट रोज त्यांच्या घरून सगळ्यांना तांदूळ देतात. कुणी मागायच्या आत. मला आता त्या तांदळाचाच राग येतो. एक बिजागरी लावायची सोडून हा माणूस सगळ्या गावाला जेवू घालील!

ता. १८ डिसेंबर

चिमा इस्पितळातून घरी आली. भेटायला गेलो. खुराड्यापाशी उन्हात बसली होती, हात फडक्यात गुंडाळलेला. तिनंच विषय काढला.

"गिरण बंद हाय म्हणं?"

"हो."

"माज्यासाठी?"

"जाळीसाठी."

तिनं हातावरचं फडकं सारखं केलं. "शेटचा तांदूळ आला दोनदा. चांगला हाय, वाडा कोलम. पण पंत, मना तो गिळत न्हाय. आंधळ्या-पांगळ्याला घालतात तसा घालतायत. येक हात हाय न माजा?"

मी म्हटलं, शेटना सांगतो. तर म्हणाली, "तुमी नका सांगू. तुमी सांगताव ते त्यांना लागत न्हाय."

खरं आहे. पण असं तोंडावर?

ता. २२ डिसेंबर

आज जे पाहिलं ते मला नीट मांडता येईल की नाही, ठाऊक नाही.

चिमानं स्वतः कौल लावायचा म्हणून निरोप धाडला. शेट आले, मी गेलो, गिरणीतले सगळे आले. काशीराम गुरव गाऱ्हाणं घालायला लागला तर तिनं त्याला थांबवलं. स्वतःच बोलली. एका हातानं नमस्कार कसा करायचा, ते तिला अजून उमगलं नव्हतं. हात नुसता छातीपाशी धरला.

"आई, मी चिमा. माजा हात गेला, तू बघितलास. मना शेट बसून खायला घालतो, त्याचं भलं कर. पण मी बसून खाऊ की राबून खाऊ, तेवढा सांग. राबून खा म्हनत असशील तर उजवी दे."

वाट बघणं आलं. मी देवाला न मानणारा माणूस, पण त्या कळीवरून माझी नजर हलेना.

उजवी.

शेटनीच आधी विचारलं, "राबायचं म्हणजे, चिमा, त्याच पट्ट्यापाशी?"

"दुसरीकडं कुठं हाय काम, शेट?"

शेट खांबाला टेकून उभे होते. माझ्याकडे वळले. "पंत, ते चित्र आहे ना तुमच्याकडे? उद्या लोहाराकडे द्या."

"पण आईनं जाळीला नको म्हटलं होतं!" कोण बोललं हे? मीच! जीभ आवरत नाही. घरी येऊन मालिनीला सांगितलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला.

शेट म्हणाले, "तेव्हा मी जे विचारलं त्याचं उत्तर मला ठाऊकच होतं पंत. डोळ्यांसमोर हात गेला होता. आपल्याला ठाऊक असतं आणि तरी देवाला विचारतो, तेव्हा देव उलटंच सांगतो. हिला ठाऊक नव्हतं. हिनं विचारलं."

हे कुठलं तर्कशास्त्र! आणि मग त्या कुलपाचं काय, चुली बंद झाल्या त्यांचं काय? हेच पहिल्या दिवशी का नाही सुचलं? चित्र तर मी तेव्हाही दिलं होतं!

पण जाळी होणार. होणार!

ता. ४ जानेवारी १९३४

जाळी बसली. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना, मापात. आणि लगेच तिच्यावर हळद-कुंकू, नारळ, उदबत्ती. मी दात-ओठ खात उभा. काशी म्हणाली, "पंत, हसा की जरा. तुमचीच पूजा हाय."

चिमा कामावर आली. केरसुणी उजव्या हातात, सूप काखेत धरते. इतर बायकांपेक्षा हळू, पण दुपारी कोंड्याची जागा लख्ख.

ता. २८ जानेवारी

बिहारात मोठा भूकंप झाला. त्याच्या मदतीसाठी आज व्यापाऱ्यांची सभा. देवळाच्या सभामंडपात सगळे जमले, आबाशेटही मला घेऊन गेले. लोकांनी मोठ्या मनानं आकडे घातले. कुणी म्हणालं, देवाचा कोप. कुणी म्हणालं, परीक्षा. कुणी म्हणालं, आपल्या हातून काही सत्कर्म घडावं म्हणून निमित्त. डोळ्यांत पाणी होतं सगळ्यांच्या, आणि ते खोटं नव्हतं.

शेवटी आबाशेट उभे राहिले. "आणखी एक. आपापल्या गिरणीला, घाण्याला, जिथे जिथे इंजिन आहे तिथे जाळी लावू या. आमच्याकडे लावली आहे. पंत चित्र देतील."

हशा! "आबाशेटनी इंजिनाला लुगडं नेसवलंय म्हणे!" एक जण म्हणाला, "ज्याचं मरण जिथे असेल तिथे, जाळीत काय!" दुसरा (रोज दोन तास पूजा करतो) म्हणाला, "शेट, धर्म आणि धंदा यांची खिचडी करू नका."

चित्राच्या प्रती मी काखोटीला मारून नेल्या होत्या. एकही कुणी घेतली नाही. बिहारात पडलेल्या घरांसाठी गळा दाटतो आणि इथे पायाशी —

शेट परतताना शांत होते. म्हणाले, "त्यांनी अजून कुणाचं डोकं मांडीवर घेतलेलं नाही पंत."

"तोवर थांबायचं?"

"मी थांबलो होतो ना?"

मी रागानं प्रती पुन्हा काखोटीला मारल्या.

ता. १९ फेब्रुवारी

दाऊदभाई गिरणीत येऊन जाळी बघून गेले. बिजागऱ्या आमच्या जास्त चांगल्या आहेत, हे कबूल केलं. चिमाला काम करताना पाहिलं आणि मान फिरवली.

ता. ११ एप्रिल

शेट आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई आज बोटीनं गेले. मुंबईहून पुढे बद्रीकेदार. मूलबाळ नाही, म्हणून सगळं माझ्यावर. मांडवीच्या धक्क्यावर पोचवायला सगळी गिरणी. बोटीपर्यंत नेणाऱ्या मचव्यात चढण्याआधी शेट म्हणाले, "तुमच्यावर सोडून जातोय पंत. देव आहेच."

मी म्हटलं, "देव तुमच्याबरोबर न्या. इथलं मी बघतो." हसले ते. मीही.

ता. १४ एप्रिल

काय सुटल्यासारखं वाटतंय! सकाळची आरती बंद केली. ज्याला करायची त्यानं घरी करून यावी. भिंतीवर पाटी लावली. पट्ट्याजवळ सैल पदर नको. इंजिन चालू असताना जाळी उघडायची नाही. माणसाला माणसानं सांगितलेले साधे नियम. ना पुण्य, ना पाप, ना कळी. पाटी मोठ्या अक्षरांत लिहिली. वाचता कुणालाच येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवली. चिमानं पुन्हा एकदा वाचायला लावली.

मालिनी म्हणाली, "आता तुम्ही कुणाशी भांडणार?"

कुणाशीच नाही. गरज नाही.

ता. २ मे

काम सुरळीत. शेटच्या वेळी कधी नव्हतं इतकं. हे त्यांना कळवायला हवं, पण हिमालयात टपाल कुठलं!

ता. १७ मे

आगोटीची घाई. पाऊस लागला की बंदर बंद, म्हणून त्याआधी सगळ्यांना माल पोचता हवा. खाडीत मालाचा पडाव लागलाय, आमचा तांदूळ भरायला. पडावावरचा तांडेल रोज येऊन आकाशाकडे बोट दाखवतो. "वारा फिरला पंत. येकदा दर्या खवळला की मी सुटत न्हाय."

त्यात पट्टा सैल झालाय. घसरतो. घसरू नये म्हणून राळ लावायची तर दर वेळी इंजिन बंद करा, जाळी उघडा, राळ लावा, जाळी बंद करा, इंजिन लावा. वैताग!

ता. १९ मे

पट्टा पुन्हा घसरला. दिवसभरात कितीदा, ते मोजायचं सोडून दिलं. नवा पट्टा मुंबईहून यायचा, तो आता दिवाळीनंतर. पोती निम्मीसुद्धा भरली नाहीत. तांडेल म्हणतो, उद्याच्या भरतीला सुटणार, भरलं असेल तेवढं घेऊन. हमाल माझ्या तोंडाकडे बघतात. मी पट्ट्याकडे.

शेट असते तर हात जोडून बसले असते. बसोत. मला काम उरकायचंय.

ता. २० मे

सकाळी जाळी काढून ठेवायला लावली. इंजिन चालू ठेवून, चालत्या पट्ट्यालाच राळ. आजच्या दिवस फक्त. कुणी विचारलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही. दुपारी पोती पुरी झाली, पडाव भरतीला सुटला. कुणाला काही झालं नाही.

चिमा सकाळपासून पट्ट्याच्या पुढ्यात उभी होती. पाठ पट्ट्याकडे, तोंड बायकांकडे, पदर कमरेला घट्ट खोचलेला. कुणी जवळ आली की उजवा हात आडवा करायची. मी तिला तिथे उभं राहायला सांगितलं नव्हतं.

बाजूला हो, असंही म्हणालो नाही.